अर्धशतकाचे अंतर : युरोपीय नाट्यसंप्रदाय आणि मराठी रंगभूमीचा कालक्रम

युरोपीय नाट्यवाङ्मय शिकविताना फळ्यावर बहुधा एक शिडी काढली जाते. तळच्या पायरीवर नव-अभिजातवाद, तिच्यावर स्वच्छंदतावाद, त्यानंतर वास्तववाद व त्याचेच उग्र रूप असा निसर्गवाद, आणि मग प्रतीकवाद, अभिव्यक्तिवाद, ब्रेख्तची महाकाव्यात्म रंगभूमी, असंगत नाट्य अशा एकीवर एक पायऱ्या. ह्या शिडीशेजारी मराठी रंगभूमीला उभे करून तिची उंची मोजली की हिशेब फार सोपा होतो. इब्सेनच्या ‘बाहुलीघरा’चा पहिला प्रयोग कोपनहेगन येथे 1879 साली झाला, मराठीत त्या धर्तीचे नाटक 1933 साली रंगभूमीवर आले, सबब मराठी रंगभूमी अर्धशतक मागे होती, असा निष्कर्ष परीक्षेच्या उत्तरपत्रिकांतून वर्षानुवर्षे लिहिला जातो आणि त्याला गुणही मिळतात.

हा निष्कर्ष खोटा नाही. परंतु तो ज्या मापाने काढला जातो ते माप ह्या वस्तूचे नव्हे. नवी मुंबईत वाशी येथे जे नाट्यगृह आहे त्याला विष्णुदास भावे ह्यांचे नाव दिलेले आहे. ज्या पुरुषाने 1843 साली सांगलीस ‘सीतास्वयंवर’ केले, त्याच्या खेळास चित्रचौकटीचा रंगमंच नव्हता, रंगविलेली दृश्ये नव्हती, प्रेक्षक व पात्रे ह्यांच्यामध्ये कल्पनेची चौथी भिंतही नव्हती. सूत्रधार व त्याचे साथीदार प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत उभे राहून पदे म्हणत, पाला गुंडाळलेला वनचर येऊन त्यांच्याशी थट्टा करी, राक्षस आरोळ्या ठोकीत प्रवेश करीत, आणि पात्रे आपली भाषणे बव्हंशी प्रसंगानुसार रचून बोलत. हे सर्व नाटक आहे, हे क्षणभरही लपविलेले नसे. रंगभूमीवरील भ्रम मोडण्यासाठी युरोपला विसाव्या शतकात जी खटपट करावी लागली, तिची येथे गरजच नव्हती, कारण तो भ्रम अद्याप उभाच राहिला नव्हता. शिडीच्या हिशेबाने भावे कोणत्या पायरीवर बसतात, ह्याचे उत्तर देणे म्हणूनच कठीण आहे.

प्रथम खुद्द युरोपातील क्रम पाहावा. तोही शिडीसारखा सरळ नाही. ‘क्रॉमवेल’ ह्या नाटकाच्या 1827 सालच्या प्रस्तावनेत व्हिक्टर ह्यूगोने स्वच्छंदतावादी नाटकाचा जाहीरनामा मांडला आणि 25 फेब्रुवारी 1830 रोजी पॅरिसच्या ‘कोमेदी फ्रान्सेज’मध्ये ‘एर्नानी’चा पहिला प्रयोग झाला. त्या रात्री प्रेक्षागृहात जी रणधुमाळी माजली तिचे आरंभीचे निमित्त मोठे चमत्कारिक होते. पहिल्याच ओळीतील विशेष्याचे विशेषण ह्यूगोने पुढच्या ओळीत ढकलले होते. फ्रेंच पद्याचा शिस्तबद्ध चरण असा मोडलेला पाहून जुन्या मताचे रसिक संतापले, आणि लाल जाकीट घालून आलेला तेओफील गोतिए तरुणांचे पुढारीपण करीत टाळ्या वाजवू लागला. म्हणजे लढाई होती ती दीड-दोनशे वर्षे चालत आलेल्या एका नियमसंहितेशी. स्थल, काल व कृती ह्यांची एकता, शोक व हास्य ह्यांची फारकत, भाषेचा दरबारी सोवळेपणा हे सारे त्या संहितेचे भाग होते. जर्मनीत गटे व शिलर ह्यांनी हेच काम ह्यूगोच्या अर्धशतक आधी केलेले होते. शिलरचे ‘दरोडेखोर’ मानहाइम येथे 1782 साली झाले. तेव्हा फ्रान्सही जर्मनीच्या पन्नास वर्षे मागे होताच. पण त्याबद्दल फ्रेंच रंगभूमीचे गुण कोणी कापीत नाही.

वास्तववादाचा उगमही असाच वळणावळणाचा. फ्रान्समध्ये स्क्रीबने जी सुघटित नाटकाची कसबी पद्धत रूढ केली, तीत रहस्य, पत्र, योगायोग व गाठ सोडविणारा प्रवेश ह्यांचा सांधा घड्याळातील चाकांसारखा बसविलेला असे. इब्सेन तरुणपणी बेर्गेनच्या नाट्यगृहात नोकरीस असताना त्याला स्क्रीबची पुष्कळ नाटके बसवावी लागली. पुढे ‘बाहुलीघरा’त पत्रपेटीत पडलेले पत्र जे काम करते ते स्क्रीबच्या कारखान्यातलेच आहे, केवळ शेवटी पतिपत्नी मेजापाशी बसून बोलू लागतात तेथे तो कारखाना बंद पडतो आणि नवे नाटक सुरू होते. हाच इब्सेन 1867 साली ‘पेर ग्युंट’ हे पद्यमय, अद्भुताने भरलेले नाटक लिहून चुकला होता, आणि उतारवयात तो पुन्हा प्रतीकांकडे वळला. 1874 साली एडमंड गॉस ह्या इंग्रज टीकाकाराला लिहिलेल्या पत्रात त्याने पद्य सोडून गद्य का स्वीकारले ह्याचे कारण दिले आहे. त्याला देवांची नव्हे, माणसांची भाषा रंगभूमीवर आणावयाची होती. हे कारण नीट लक्षात ठेवावे, कारण मराठीतील सारा घोटाळा ह्याच मुद्द्यापाशी होतो. ब्युख्नरचे ‘वॉयत्सेक’ हे तर 1837 साली अपुरे राहिलेले नाटक. त्याला रंगभूमी मिळाली ती 1913 साली, आणि तोवर त्यातील तुटक प्रवेशांची रचना अभिव्यक्तिवाद्यांना आपल्या पिढीची वाटू लागली होती.

ज्या संस्थांनी वास्तववाद रंगमंचावर उभा केला त्या आकाराने लहान होत्या. पॅरिसच्या गॅस कंपनीत कारकुनी करणाऱ्या आंद्रे आंत्वानने 1887 साली ‘तेआत्र लीब्र’ काढले; वर्गणीदार सभासदांपुरतेच प्रयोग करून सरकारी तपासनिसाला त्याने दूर ठेवले. खाटकाच्या दुकानाच्या दृश्यात त्याने खरेखुरे मांस टांगल्याची कथा सर्वश्रुत आहे. बर्लिनमध्ये ‘फ्राय ब्यूने’ 1889 साली व लंडनमध्ये ग्राइनचे ‘इंडिपेंडंट थिएटर’ 1891 साली निघाले, आणि दोघांनीही आरंभ केला तो इब्सेनच्या ‘भुतां’नी. मॉस्को आर्ट थिएटर 1898 साली निघाले. एवढ्यात प्रतीकवादी मंडळी दाराशी उभीच होती. माटरलिंकची छोटी नाटके 1890 ची, आणि जारीचे ‘उबू राजा’ 1896 सालचे. म्हणजे वास्तववादाचा उत्कर्ष व त्याविरुद्धचे बंड ह्यांत दहा वर्षांचेही अंतर नव्हते.

आता मराठीकडे वळावे. मराठी नाट्याचा युरोपशी पहिला खरा संबंध आला तो शेक्सपिअरमुळे. महादेवशास्त्री कोल्हटकर ह्यांचे ‘ऑथेल्लो’ 1867 चे, आगरकरांचे ‘विकारविलसित’ 1883 चे, देवलांचे ‘झुंझारराव’ 1890 चे. गणपतराव जोशी ह्यांच्या हॅम्लेटने शाहूनगरवासी मंडळीच्या प्रेक्षकांना वेड लावले. ह्यूगो व शिलर ह्यांना शेक्सपिअर हवा होता तो नियमसंहिता फोडण्यासाठी. मराठीत तशी संहिता कोठे होती? संस्कृत नाट्यशास्त्राचे काही संकेत पंडितवर्गात मान्य होते खरे, आणि त्यांपैकी एक, नाटकाचा शेवट शोकात होऊ नये हा, वि. ज. कीर्तने ह्यांनी ‘थोरले माधवराव पेशवे’ ह्या 1861 सालच्या नाटकात मोडला. पण त्यासाठी नाट्यगृहात मारामारी झाली नाही. लढाईवाचून मिळालेले स्वातंत्र्य मराठी नाटककारांनी सहजगत्या उपभोगले, आणि म्हणूनच स्वच्छंदतावाद ही मराठीत चळवळ न होता प्रकृती झाली. चळवळ ओसरते, प्रकृती तशी जात नाही.

येथे एक विनोदी योगही नोंदवावा. अण्णासाहेब किर्लोस्कर ह्यांनी 31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्यास ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले, तेव्हा कालिदास म्हणजे प्राचीन अभिजात परंपरा, अशी त्यांच्या प्रेक्षकांची समजूत होती. तेच ‘शाकुंतल’ विल्यम जोन्सच्या 1789 सालच्या इंग्रजी भाषांतरावरून फोर्स्टरने 1791 साली जर्मनमध्ये नेले, आणि तेथील नव्या पिढीला ते मुक्त, निसर्गरम्य व नियमांपलीकडचे वाटले. गटेने ‘फाउस्ट’च्या आरंभी रंगमंचावरील प्रस्तावना घातली ती संस्कृत नाटकाच्या प्रस्तावनेवरून, असे मानण्यात येते. एकच ग्रंथ पुण्यात अभिजात आणि वायमारमध्ये स्वच्छंद ठरतो, ह्यावरून ह्या संज्ञा वस्तूच्या अंगच्या नसून वस्तू ज्याच्याशी झगडते त्यावर अवलंबून असतात, हे ध्यानी यावे.

मराठीतील मुख्य गुंतागुंत मात्र ह्यापुढची आहे. युरोपात पद्य हे राजेरजवाड्यांच्या नाटकाचे आणि गद्य हे घरगुती, मध्यमवर्गीय नाटकाचे वाहन ठरले. इब्सेनने पद्य टाकले ते ह्या वाटणीला धरूनच. मराठीत ही वाटणी जवळजवळ उलटी झालेली दिसते. किर्लोस्करांपासून मराठी नाटकांचे दोन पंथ पडले, संगीत नाटकांचा व गद्य नाटकांचा; आणि गद्य रंगभूमी ही घरातल्या बोलण्याची रंगभूमी झाली नाही. ती झाली वीररसाची, वक्तृत्वाची व राजकारणाची. शाहूनगरवासी मंडळी आणि 1904 साली निघालेली महाराष्ट्र नाटक मंडळी ह्यांच्या गद्य प्रयोगांत खाडिलकरांचे ‘कीचकवध’ व ‘भाऊबंदकी’ गाजले. तेथील गद्य सभेत गर्जणारे गद्य होते. उलट सामान्य ब्राह्मण गृहस्थाच्या घरातील ओसरी, माजघर, लग्नाची बोलणी, हुंड्याची घासाघीस हे सर्व प्रथम खऱ्या अर्थाने रंगभूमीवर आले ते एका संगीत नाटकात.

ते नाटक म्हणजे गोविंद बल्लाळ देवल ह्यांचे ‘शारदा’, साल 1899. म्हाताऱ्या श्रीमंताला कोवळी मुलगी विकणे, हा विषय. भुजंगनाथाचा हव्यास, कांचनभटाचा लोभ, भद्रेश्वर दीक्षिताची दलाली आणि त्या मुलीच्या आईची हतबलता ह्यांचे चित्रण देवलांनी ज्या साध्या, ठसठशीत, त्या त्या माणसाच्या तोंडी शोभणाऱ्या भाषेत केले, तिला मराठीत पूर्वपरंपरा नव्हती आणि पुढेही तिचे अनुयायी थोडेच झाले. पदेसुद्धा बोलण्याच्याच लयीत रचलेली आहेत. पात्र गाऊ लागले म्हणजे ते घर सोडून दरबारात गेले, असे वाटत नाही. शेवट शंकराचार्यांच्या निर्णयाने लावलेला आहे, आणि वास्तववादाच्या कडक कसोटीला तो उतरणार नाही. परंतु अशा कसोट्या लावताना खुद्द युरोपीय उदाहरण विसरू नये. ‘बाहुलीघर’ जर्मनीत व्हावयाचे होते तेव्हा प्रमुख नटीने मुलांना टाकून जाणाऱ्या आईचे काम करण्याचे नाकारले, आणि दुसऱ्या कोणी शेवट बदलू नये म्हणून इब्सेनला स्वतःच 1880 साली नोरा घरातच थांबते असा दुसरा शेवट लिहून द्यावा लागला. (1929 चा बालविवाह प्रतिबंधक कायदा ‘सारडा कायदा’ म्हणून ओळखला जातो तो हरबिलास सारडा ह्यांच्यावरून, त्याचा व ह्या नाटकाचा नामसादृश्यापलीकडे संबंध नाही, हे जाता जाता सांगणे अवश्य आहे, कारण दोहोंची गल्लत अजूनही होते.)

‘शारदा’ व मॉस्को आर्ट थिएटरचे ‘सीगल’ ह्यांत केवळ काही आठवड्यांचे अंतर आहे. देवलांना चेखॉव्ह ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्यांनी ‘दुर्गा’, ‘झुंझारराव’, ‘फाल्गुनराव’ ही रूपांतरे केली ती जुन्या इंग्रजी नाटकांवरून. तेव्हा त्यांचा वास्तववाद आयात केलेला नसून निरीक्षणातून आलेला आहे, आणि म्हणूनच बहुधा संप्रदायांच्या इतिहासात त्याला जागा सापडत नाही. त्याला ना जाहीरनामा, ना प्रस्तावना.

देवलांच्या वाटेने मराठी रंगभूमी का गेली नाही? उत्तर रसिकांच्या अभिरुचीत शोधण्याची प्रथा आहे. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी ‘वीरतनय’पासून कल्पनारम्य कथानक, कोटिबाज संवाद व पारशी रंगभूमीच्या धर्तीच्या चाली ह्यांची मोहिनी घातली, हे खरे. परंतु दुसरे कारण कायद्याच्या पुस्तकात आहे. 1876 च्या नाट्यप्रयोग नियंत्रण कायद्याने सरकारला आक्षेपार्ह प्रयोग बंद करण्याचा अधिकार मिळाला. चालू काळ, खरी नावे व खरी स्थळे घेऊन राज्यकर्त्यांविषयी काही बोलणे त्यामुळे अशक्यप्राय होते. पुराण व इतिहास ह्यांच्या आडून मात्र पुष्कळ बोलता येई. ‘कीचकवध’ 1907 साली रंगभूमीवर आले, प्रेक्षकांनी कीचकात लॉर्ड कर्झन पाहिला, आणि 1910 साली सरकारने त्या नाटकावर बंदी घातली. ह्यूगोचे ‘राजाची करमणूक’ हेही 1832 साली एका प्रयोगानंतर बंद करण्यात आले होते, आणि शिलर व ह्यूगो ह्यांनीही आपले म्हणणे दूरच्या काळात व दूरच्या देशांत नेऊन मांडले होते. जेथे राज्य आपले नाही तेथे स्वच्छंदतावादाचे काम संपत नाही. मराठीत ते 1830 च्या पॅरिसपेक्षा अधिक काळ टिकले ते पारतंत्र्य अधिक काळ टिकल्यामुळे. इब्सेनच्या नॉर्वेत न्यायालय, वर्तमानपत्र, नगरसभा ह्यांवर उघड नाटक लिहिता येत होते. ‘जनतेचा शत्रू’ लिहावयास आधी जनतेची नगरसभा असावी लागते.

राम गणेश गडकरी ह्यांचे ‘एकच प्याला’ ह्या दृष्टीने सीमारेषेवरचे नाटक आहे. ते रंगभूमीवर आले 1919 साली, गडकऱ्यांच्या मृत्यूनंतर. त्यातील पदेही विठ्ठल सीताराम गुर्जर ह्यांनी रचून दिली. विषय मद्यपानाचा, म्हणजे झोलाच्या ‘ला’सोम्वार’चा. झोलाच्या 1877 सालच्या कादंबरीत कौले घालणारा कामगार छपरावरून पडतो, रिकामपणात दारूकडे वळतो, आणि वस्ती, मजुरी, आनुवंशिकता ह्यांच्या जात्यात सारे कुटुंब भरडले जाते. गडकऱ्यांचा सुधाकर बुद्धिमान वकील आहे; मानभंगाच्या एका क्षणी तो पहिला प्याला घेतो, आणि त्या एका प्याल्यातून विनाश अटळपणे उलगडत जातो. झोलाच्या दृष्टीने परिस्थिती माणसाला घडविते. गडकऱ्यांच्या दृष्टीने माणसाचा एक दोष त्याचा घात करतो. दुसरी दृष्टी शेक्सपिअरची आहे. म्हणून विषय वास्तववाद्यांचा असूनही नाटक शोकांतिकेच्या जुन्या उंचीवरून बोलते, आणि सुधाकराची भाषा प्रसंगी अलंकारांच्या भाराने वाकते. पण तळीरामाच्या आर्यमदिरामंडळाचे प्रवेश काढून पाहावेत. तेथे देवलांचीच साधी, चावट, खरी बोली ऐकू येते. दुर्दैवाने अनुकरण झाले ते गडकऱ्यांच्या अलंकारांचे.

त्या नाटकातील सिंधूचे काम बालगंधर्वांनी केले. स्त्रीभूमिका पुरुषाने करण्याचा संकेत त्या वेळी पूर्ण प्रस्थापित होता, आणि बालगंधर्वांच्या हातून तो कलेच्या शिखराला पोहोचला होता. पतिव्रता सिंधू ही आदर्शाची मूर्ती आहे, आणि आदर्श पुरुषदेहातूनही साकारतो. किंबहुना अधिक निर्भेळ साकारतो, असेही म्हणता येईल. परंतु जी स्त्री आदर्श नाकारते, जी पुरुषाला जाब विचारते, तिचे काम पुरुषाने केले तर तो प्रश्न पुरुषानेच पुरुषाला विचारलेला ठरतो. वास्तववादी नाटकाला मराठीत खरी अडचण होती ती ही. ग्रंथ उपलब्ध होते, भाषांतरकार उपलब्ध होते. नोरा उपलब्ध नव्हती. 1920 नंतरच्या दशकात हिराबाई बडोदेकर ह्यांच्यासारख्या गायिका रंगभूमीवर आल्या आणि ही कोंडी फुटू लागली.

दरम्यान मामा वरेरकरांनी विषयांची कक्षा वाढविली. ‘हाच मुलाचा बाप’मध्ये हुंडा, ‘सत्तेचे गुलाम’मध्ये गांधीयुगाचे वारे, ‘तुरुंगाच्या दारात’मध्ये अस्पृश्यता, आणि 1932 सालच्या ‘सोन्याचा कळस’मध्ये गिरणीमालक व मजूर हे प्रश्न त्यांनी मांडले. ललितकलादर्श मंडळीने त्यांची नाटके करताना रंगविलेल्या पडद्यांऐवजी तीन भिंतींची खोली उभारण्याकडे लक्ष दिले, पु. श्री. काळे ह्यांच्या नेपथ्याचा त्यात मोठा वाटा होता. तरीही वरेरकरांच्या नाटकांत खोली खरी आणि तीत बोलणारी माणसे पुष्कळदा व्याख्याने देणारी, असा विरोध राहिलाच.

1 जुलै 1933 रोजी मुंबईत ‘नाट्यमन्वंतर’ ह्या संस्थेने ‘आंधळ्यांची शाळा’ सादर केले. श्री. वि. वर्तक ह्यांनी ते ब्यर्न्सन ह्या नॉर्वेजियन लेखकाच्या ‘हातमोजा’ ह्या नाटकावरून रचले होते. मूळ नाटक 1883 चे. म्हणजे आगरकरांच्या ‘विकारविलसिता’च्या वर्षाचे, आणि बरोबर पन्नास वर्षांपूर्वीचे. मुळातील स्वावा ह्या तरुणीला कळते की आपल्या वाग्दत्त वराचे पूर्वी दुसऱ्या स्त्रीशी संबंध होते. ती विचारते, मुलीकडून ज्या शुद्धतेची अपेक्षा करतात ती मुलाकडून का नाही? आणि ती आपला हातमोजा त्याच्या तोंडावर फेकते. ह्या प्रश्नाने स्कँडिनेव्हियात 1880 नंतर मोठा वाद पेटला होता. 1933 मध्ये युरोपच्या दृष्टीने तो विझलेला होता. तेव्हा बर्लिनमध्ये हिटलर सत्तेवर येऊन पाच महिने झाले होते, ब्रेख्त परागंदा झाला होता, आणि पिरांदेल्लोची सहा पात्रे लेखकाला शोधीत रंगभूमीवर येऊन बारा वर्षे लोटली होती. एवढी निवड पुढे असता नाट्यमन्वंतराच्या सुशिक्षित तरुणांनी ब्यर्न्सनचे जुने नाटक उचलले, ह्याला काहींनी अज्ञान म्हटले आहे. हे म्हणणे टिकणारे नाही. त्यांनी अगदी ताजे नाटक उचलले नाही, कारण मराठी घरात ताजा प्रश्न तोच होता. बिंबाची भूमिका ज्योत्स्ना भोळे ह्यांनी केली. एका सुशिक्षित स्त्रीने स्वतःच्या आवाजात हा प्रश्न मराठी प्रेक्षागृहात विचारला, आणि त्या क्षणापुरते पन्नास वर्षांचे अंतर निरर्थक झाले.

तंत्राच्या बाजूने पाहिले तरी ह्या प्रयोगाची निवडक वृत्ती दिसते. स्वगते गेली, अंकातील प्रवेशांची धावपळ थांबली, नाटकाचा वेळ आटोक्यात आला, केशवराव दाते ह्यांच्यासारखा महाराष्ट्र नाटक मंडळीत तयार झालेला नट हळू आवाजात बोलू लागला. मात्र गाणे गेले नाही. केशवराव भोळे ह्यांच्या संगीतातील मोजकी पदे राहिली. शुद्ध वास्तववादाच्या अभिमान्यांना ही तडजोड वाटते. परंतु मराठीतील घरगुती नाटक ‘शारदे’पासून गात आलेले होते, हे वर सांगितलेच आहे. गाणे टाकून केवळ गद्य ठेवले असते तर प्रेक्षकाच्या कानाला ते गद्य ‘कीचकवधा’चे वाटले असते. गाण्याला दरबारातून दिवाणखान्यात आणणे हीच येथे वास्तववादाची कृती होती.

त्या तरुणांच्या पाठीशी काळ मात्र नव्हता. आंत्वानने बंड केले ते भरभराटीच्या रंगभूमीविरुद्ध. नाट्यमन्वंतर उभे राहिले ते कोसळणाऱ्या घरात. 1932 साली ‘अयोध्येचा राजा’ हा मराठी बोलपट पडद्यावर आला आणि नाट्यगृहे भराभर चित्रपटगृहे झाली. संस्था फार काळ टिकली नाही. 1941 साली मो. ग. रांगणेकर ह्यांनी ‘नाट्यनिकेतन’ काढले व पुढील वर्षी ‘कुलवधू’ आणले. ‘बाहुलीघरा’ची छाया त्या नाटकावर आहे, आणि ह्याच सुमारास अनंत काणेकर ह्यांनी ‘घरकुल’ ह्या नावाने त्याच नाटकाचे रूपांतर केले. दोन्ही शीर्षके शेजारी ठेवण्यासारखी आहेत. इब्सेनच्या शीर्षकात घर खेळण्याचे आहे आणि स्त्री बाहुली. काणेकरांच्या शीर्षकात ‘बाहुली’ गळून जिव्हाळ्याचे छोटे घर उरते. रांगणेकरांच्या शीर्षकात घराचीही जागा कुळाने घेतली आहे. चित्रपटात काम करणारी पत्नी हा विषय त्या काळी धीटच होता. पण तो ज्या नावाखाली लोकांपुढे ठेवावा लागला त्या नावात नोराचे दार अर्धेच उघडलेले दिसते.

स्वातंत्र्यानंतरच्या घडामोडी अभ्यासकांना अधिक परिचित असल्याने त्यांचा विस्तार नको. 1960 साली ‘रंगायन’ निघाली. विजया मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनी आयनेस्कोच्या ‘खुर्च्या’ मराठीत केल्या तेव्हा प्रथमच युरोप व महाराष्ट्र ह्यांतील अंतर दहा वर्षांवर आले. विजय तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ 1967 चे. परंतु ह्या निबंधाच्या दृष्टीने महत्त्वाचा प्रसंग 16 डिसेंबर 1972 चा आहे. त्या दिवशी पुण्यात ‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग झाला. माणसांचीच भिंत, त्या भिंतीतून निघणारी व तिच्यात मिसळणारी पात्रे, सूत्रधार, कीर्तन, लावणी, कोकणातील खेळ्यांचा पदन्यास. समीक्षकांनी ब्रेख्तचे नाव घेतले, आणि ते अगदी अस्थानी नव्हते. ब्रेख्तच्या नाटकांची मराठी रूपांतरे त्याच दशकात झाली, व्यंकटेश माडगूळकर, चिं. त्र्यं. खानोलकर आणि पु. ल. देशपांडे ह्यांनी ती केली. परंतु ब्रेख्तने आपल्या दुरावा-तंत्राची मांडणी केली ती 1935 साली मॉस्कोत मे लान-फांग ह्या चिनी नटाचा अभिनय पाहिल्यानंतर. युरोप जे आशियाकडून शिकला ते पुन्हा आशियात आले तेव्हा त्याच्यावर बर्लिनचा शिक्का होता. सांगलीच्या वनचराला तो शिक्का वाचता आला नसता, पण खेळ ओळखता आला असता.

आणि ह्यानंतर, ब्रेख्त येऊन गेल्यावर, मराठीत वास्तववादाला खरा बहर आला. महेश एलकुंचवारांचे ‘वाडा चिरेबंदी’ 1985 साली विजया मेहतांच्या दिग्दर्शनाखाली रंगभूमीवर आले. वऱ्हाडातील एक पडका वाडा, अंगणात गंजत उभा असलेला ट्रॅक्टर, वडिलांच्या मृत्यूनंतर एकत्र आलेली भावंडे, दागिन्यांची चिंता, बोलता बोलता मध्येच थांबणारी वाक्ये. गाणे नाही, वक्तृत्व नाही. चेखॉव्हचे नाव येथे टीकाकार घेतात. देवलांचे नाव क्वचित घेतले जाते, वास्तविक कांचनभटाचे घर व देशपांड्यांचा वाडा ह्यांतील नाते अधिक जवळचे आहे. शिडीच्या हिशेबाने हे नाटक ‘घाशीराम’च्या आधी यावयास हवे होते. पुढे एलकुंचवारांनी त्याला ‘मग्न तळ्याकाठी’ व ‘युगान्त’ हे दोन भाग जोडले, आणि 1994 साली चंद्रकांत कुलकर्णी ह्यांनी तिन्ही नाटकांचा सलग प्रयोग केला. तो सुमारे नऊ तास चाले. इब्सेनच्या धर्तीवर नाटक दोन-तीन तासांत बसविण्यासाठी नाट्यमन्वंतराने व रांगणेकरांनी जी पहाटेपर्यंत चालणारी संगीत नाटके मोडीत काढली होती, त्यांच्या प्रेक्षकाला नऊ तासांचे नवल वाटले नसते.